विहिरीतली ऊब न्हाणीत आणि आईच्या खोलीत

पौषातल्या पहाटे विहिरीच्या काठावर उभं राहिलं की पाण्यावरून वाफ उठताना दिसते. आमच्याकडे, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला, हे लहानपणापासून बघतोय. बंब पेटायची वाट न बघता आम्ही पोरं थेट विहिरीवर पळायचो, कारण ताजं शेंदलेलं पाणी अंगावर कोमट लागायचं आणि न्हाणीतल्या पिंपातलं रात्रीचं पाणी हाडात शिरायचं. मे महिन्यात त्याच विहिरीचं पाणी गारेगार वाटायचं. खरं तर पाणी दोन्ही वेळेला जवळजवळ तेवढ्याच तापमानाचं असतं, बदलते ती वरची हवा. आज माझ्या घरात अंघोळीचं पाणी आणि आईची खोली या विहिरीतल्या उबेवर गरम होतात. ते कसं केलं, कुठं चुकलो आणि कुणी या भानगडीत पडू नये, ते सांगतो.

मी मशीन दुरुस्तीवाला. उमेदीची वर्षं बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या डेअऱ्यांच्या कूलिंग टाक्या दुरुस्त करण्यात गेली. धारेचं दूध साधारण ३५ अंशांना येतं, ते ४ अंशांवर न्यायचं. दुधातली काढलेली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर पडते, आणि थंडीत आम्ही सगळे त्या जाळीपुढं हात शेकत उभे असायचो. कोण चहा घेऊन आलं तर तोही तिथंच. घरचा फ्रिजही हेच करतो, मागं हात लावून बघा. हीट पंप म्हणजे हेच मशीन. गार होणारी बाजू विहिरीच्या पाण्याला लावायची आणि गरम होणारी बाजू घराला.

गीझर विजेतून उष्णता तयार करतो. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता, त्यापेक्षा कणभर जास्त नाही. हीट पंप उष्णता तयार करत बसत नाही, विहिरीतली उचलून घरात आणतो. विजेचा खर्च हमालीपुरता. हमाली किती पडणार हे चढावर ठरतं: विहिरीतल्या २४ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत चढवायचं असेल तर माझ्या मशीनला एका युनिटात चार युनिट उष्णता मिळते, अंघोळीसाठी ५२ पर्यंत चढवायचं झालं तर साडेतीन. म्हणून पहिला नियम डोक्यात ठेवा, लागतं त्यापेक्षा एक अंशही जास्त तापवू नका. बंबाच्या सवयीनं आपण पाणी उकळेपर्यंत तापवतो आणि मग बादलीभर गार पाणी ओततो. चुलीवर ते चालून जायचं, लाकूड रानातलं होतं. इथं प्रत्येक जास्तीच्या अंशाची हमाली भरावी लागते.

युक्ती नवी नाही. झुरिकच्या टाउन हॉलमध्ये १९३८ साली लिम्मात नदीच्या पाण्यावर चालणारा हीट पंप बसवला होता. मध्य युरोपात भूजल १० अंशांच्या आसपास असतं आणि त्यातूनही ते लोक अख्खं घर थंडीभर गरम ठेवतात. भूजलाचं तापमान त्या त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी हवेजवळ राहतं, त्यामुळं आपल्याकडं ते २४-२५ निघतं. म्हणजे आपला हमाल चढाचा तिसरा हिस्सा वाचवूनच निघतो.

कुणी करू नये

मशीन विकत घेण्याआधी हे वाचा. अथणी, रायबाग, चिकोडीच्या कोरड्या बाजूला राहत असाल आणि फक्त अंघोळीचं पाणी हवं असेल, तर छपरावर सोलार बसवा आणि मोकळे व्हा. तिकडं ऊन भरपूर. आमच्याकडं मात्र जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सोलार झोपून असतं. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला हे सांगायला नको.

स्वतःची विहीर किंवा बारमाही बोअर नसेल तर हवेवरचा हीट पंप घ्या. बेळगावात थंडी पडली तरी पारा दहाच्या खाली क्वचितच जातो, आणि तेवढ्या हवेतूनही ते मशीन एकाला अडीच-तीन देतं. बसवायला सोपं, बाजारात सहज मिळतं. विहिरीवरच्याचा फायदा नेमका पहाटे दिसतो: बाहेर ११-१२ अंश, विहिरीत २४. शिवाय मोठा पंखा नाही, त्यामुळं आवाज कमी. पण केवळ यासाठी नवी बोअर मारायचा विचार असेल तर सोडून द्या, त्या पैशात दहा वर्षांचं वीजबिल भरून होईल. आणि मारणारच असाल तर आधी परवानगीचं बघा.

माझ्याकडं आजोबांच्या वेळची चिऱ्यात बांधलेली विहीर होती, घरापासून चाळीस फुटांवर. मशीनचा धंदा हातात होता. आणि आई होती, वय ऐंशीच्या पुढं, गुडघे धरलेले. आषाढात तिच्या खोलीतली गोधडी हाताला ओली लागायची. नुसत्या गीझरसाठी मी एवढं केलं नसतं.

पाणी तपासा, तीन सोप्या रीतींनी

तापमान बघायला बाटलीला दगड बांधा, आत काचेचा थर्मामीटर ठेवा, तोंड उघडं ठेवा आणि दोरीनं तळापाशी सोडा. दहा मिनिटं थांबा. मग झटकन वर ओढून बाटलीतल्या पाण्यातच वाचा, थर्मामीटर बाहेर काढलात की हवेचं तापमान दाखवील. मी जानेवारीतल्या एका पहाटे साडेपाचला बॅटरीच्या उजेडात वाचलं: विहीर साडेचोवीस, काठावर बारा. तेच मेमध्ये परत केलं, विहीर पंचवीस. थंडी-उन्हाळ्यात विहिरीत एवढाच फरक असेल तर पाणी कामाचं. पाच-सहा अंशांचा फरक निघाला तर तुमची विहीर उथळ आहे आणि हवेच्या मागं धावते.

मग पाण्याचा स्वभाव. पांढऱ्या बादलीत पाणी भरून रात्रभर उघडं ठेवा. सकाळी वर तांबूस साय आली तर लोह आहे. आमच्या जांभ्या दगडातल्या पाण्याची दुसरी खोड म्हणजे ते थोडं आम्लधर्मी असतं. पीएचचा कागद केमिकलच्या दुकानात मिळतो, माझ्याकडं ६ आला. असं पाणी तांबं खातं. तुमच्या तांब्याच्या नळाखाली मोरीत हिरवट डाग पडत असेल तर ओळखा. उलट काळ्या मातीच्या भागात पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही, आणि भांड्याला पांढरा थर चढतो तसा मशीनच्या आतही चढतो. मशीन घेताना दुकानदाराला हे आधी सांगा आणि पाणी ज्यातून जातं तो भाग कशाचा आहे ते विचारा. आम्लधर्मी पाण्याला पातळ पत्रे तांब्यानं झाळून केलेली प्लेट नको. नळीत नळी असते तो प्रकार, तांबं-निकेलचा, आपल्या पाण्याला बरा पडतो आणि थोडा गाळही सोसतो.

तिसरं, विहिरीचा दम. पंप दोन तास सलग चालवा. आधी दोरी सोडून पाण्याच्या पातळीला गाठ मारा, दोन तासांनी परत गाठ मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पहिल्या गाठीला आली का बघा. हे एप्रिल-मेमध्येच करायचं. श्रावणात कुठलीही विहीर श्रीमंत दिसते.

किती पाणी लागेल

आमच्या घरी पाच माणसं. २०० लिटरची टाकी २४ अंशांवरून ५२ वर न्यायची. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला १.१६ वॅट-तास लागतात, म्हणजे २०० लिटरला २८ अंशांचे साडेसहा युनिट झाले. गीझरवर, वाया जाणारं धरून, सात. महिन्याला २१० युनिट नुसत्या अंघोळीवर! कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती या सरकारी योजनेत घरगुती वीज त्या घराच्या ठरलेल्या सरासरीपर्यंत, जास्तीत जास्त २०० युनिट, फुकट आहे, पण २०० च्या वर गेलात की पूर्ण बिल भरायचं. थंडीत गीझर लावणाऱ्या घरांचं गणित इथंच कोलमडतं. बिल कन्नडमध्ये येतं, पण हा आकडा गावात सगळ्यांना वाचता येतो.

माझं मशीन टाकीला सव्वातीन किलोवॅटच्या आसपास उष्णता देतं आणि स्वतः ९०० वॅट खातं. दोन तासांत टाकी तयार, वीज पावणेदोन-दोन युनिट. उरलेली सव्वादोन-अडीच किलोवॅट विहिरीच्या पाण्यातून येते. पाणी मशीनमधून जाताना पाच अंशांनी गार होऊ द्यायचं, त्याच्यापेक्षा जास्त नको. या हिशोबानं मिनिटाला सहा-सात लिटर पुरतात, तासाला ४००. दोन तासांत ८०० लिटर.

शेजारच्या मामांना काळजी पडली होती की मी विहीर गोठवणार आणि त्यांच्या झऱ्यालाही गारठा येणार. त्यांच्यासमोर पाटीवर मांडलं. विहीर दहा फूट व्यासाची, पाणी सोळा फूट, म्हणजे सुमारे ३५ हजार लिटर. त्यात पाच अंशांनी गार झालेलं ८०० लिटर सोडलं तर सगळं पाणी एक दशांश अंशानं उतरेल. संध्याकाळपर्यंत झरे ते भरून काढतात. मामा म्हणाले, "मग ठीक हाय की." पण हेच मशीन युरोपातल्यासारखं अख्ख्या घराला रात्रंदिवस लावलं, विहिरीतून सतत आठ किलोवॅट काढले, तर एवढी विहीर एका दिवसात साडेचार अंशांनी गार होईल. म्हणून तिकडं दोन विहिरी असतात. एकीतून उपसायचं, गार झालेलं दुसरीत सोडायचं, आणि ती दुसरी भूजलाच्या वाहण्याच्या दिशेला, पहिलीपासून लांब. आपल्याला त्याची गरज नाही, कारण आपल्याला घर तापवायचंच नाही. न्हाणी आणि एक खोली, बस.

पंपानं खाल्लेला नफा

पहिल्या थंडीत मी साधा विचार केला: विहिरीवर एक एचपीची मोटर आहेच, तिचंच पाणी मशीनमधून फिरवून परत विहिरीत सोडू. महिना झाला, मीटरला फरक दिसेना. मग मोटरला वेगळा मीटर लावून बघितलं. मशीन दोन तासांत दोन युनिट, मोटर दोन तासांत दोन युनिट. सहा-सात लिटरची गरज असताना मी चाळीस-पन्नास लिटर वर चढवून परत खाली ओतत होतो. हमालापेक्षा मुकादमाचा पगार जास्त.

उपाय डोक्यावरच होता. छपरावरची १००० लिटरची टाकी तीच मोटर वीस-पंचवीस मिनिटांत भरते, तिला लागतं अर्ध्या युनिटाच्या आत. मग टाकीतलं पाणी आपल्या वजनानं मशीनमधून उतरतं, तासाला ४००, एक व्हॉल्व्ह थोडा दाबून धरला की झालं. पहाटे सव्वाचारला टाइमरवर टाकी भरते, साडेचारला मशीन सुरू होतं, साडेसहाला पहिली अंघोळ. टाकी आदल्या संध्याकाळी भरून ठेवू नका, रात्रीत छपरावर पाणी गारठतं आणि विहिरीचा सगळा फायदा जातो. मी तेही करून बघितलंय.

मशीनमधून उतरलेलं पाणी थंडीत आणि उन्हाळ्यात सुपारी, केळी आणि घरामागच्या भाजीला जातं. बागेला पाणी रोज द्यायचंच होतं, त्यामुळं मोटरचं अर्धं युनिटही खरं तर बागेच्या खात्यावर. पावसाळ्यात बागेला नको, तेव्हा एक कॉक फिरवून तेच पाणी परत विहिरीत. परतीचा पाइप विहिरीच्या पलीकडच्या बाजूला नेला आहे, फूटव्हॉल्व्हपासून, म्हणजे मोटरच्या ओढत्या पाइपाच्या टोकाच्या झडपेपासून, जेवढा लांब जाईल तेवढा. आणि त्याचं तोंड पाण्याखाली असलं पाहिजे. वरून धबधबा पाडलात तर पाण्यात हवा मिसळते, लोह तांबूस चिखल होऊन बसतं, आणि वर्षभरात चाळणी, नळ्या सगळं बुळबुळीत. विहिरीचं पाणी पिण्यात असेल तर मशीनच्या आतला गॅस आणि तेल कधीच पाण्यात उतरणार नाही अशी दुहेरी भिंतीची नळी मागा. दोन पैसे जास्त जातील, जाऊ देत.

जे मी फोडलं

या जोडणीत एक छोटी वस्तू असते, फ्लो स्विच. पाणी वाहतंय तोवर मशीन चालू, थांबलं की बंद. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात माझं मशीन पहाटे वारंवार बंद पडायला लागलं. मला वाटलं स्विच खराब. धंद्यातला माणूस, अंगात मस्ती. एक वायर जोडून स्विचला बाजूला काढलं आणि झोपलो. खरं कारण चाळणीत अडकलेल्या गोगलगायी होत्या. त्या रात्री पाणी पुरतं थांबलं. आत उभ्या राहिलेल्या पाण्यातून मशीन उष्णता ओढत राहिलं, पाण्याचा बर्फ झाला, बर्फ फुगला आणि प्लेट आतून फाटली. गॅस पाण्यात, पाणी गॅसच्या लाइनीत. सकाळी आवाज आला तो कॉम्प्रेसरचा शेवटचा. उघडला तेव्हा तेल ताकासारखं पांढरं झालं होतं. वीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो की सेफ्टीला वायर मारू नका.

आता क्रम असा आहे, आणि मशीन कुठलंही असलं तरी हाच ठेवा. आधी पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो, फ्लो स्विचची खात्री होते, मिनिटभर थांबून मग कॉम्प्रेसर सुरू होतो. बंद होताना आधी कॉम्प्रेसर, दोन मिनिटांनी पाणी. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या नळीवर एक थर्मोस्टॅट, पाणी आठ अंशांच्या खाली गेलं की सगळं बंद. मशीनच्या आधी काढून धुता येईल अशी चाळणी, तिच्या दोन्ही बाजूंना कॉक. थंडीत दर रविवारी धुवायची.

गॅसची लाइन घरी उघडू नका. मी माझं मशीन स्वतः जोडलं कारण माझं पोट त्याच्यावर चाललंय आणि पंप, गेज, नायट्रोजनची बाटली घरात आहे. तुम्ही पाण्याकडून पाण्याकडं चालणारं तयार मशीन घ्या. आजकालच्या काही मशीनमध्ये आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन, जवळजवळ तुमच्या सिलिंडरमधल्याचा भाऊ. आर-३२ सुद्धा थोडा पेट घेणारा आहे. असं मशीन बंद कोनाड्यात, चुलीशेजारी किंवा देवघराच्या समईजवळ ठेवायचं नाही.

आईची खोली

खोली गरम करायला हवा तापवण्यापेक्षा जमीन तापवलेली बरी. पाणी ३५ अंशांचंच लागतं, आवाज नाही, धूळ उडत नाही, आणि म्हातारं माणूस खाली पाय टेकतं तिथंच ऊब मिळते. आईची खोली बारा बाय दहा. जुनी फरशी काढली, खाली कोबा सपाट केला, त्यावर ओल अडवणारा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर दोन इंच जाडीच्या घट्ट फोमच्या पाट्या. पॅकिंगमधलं दाणेदार थर्माकोल नको, दबतं. त्यावर जाळी बांधली आणि जाळीला सोळा एमएमची पेक्स नळी (गरम पाणी सोसणारी प्लॅस्टिकची) सहा-सहा इंचांवर नागमोडी बांधत नेली. एवढ्या खोलीला पंचाहत्तर मीटरच्या आसपास लागते. नळी एकसंध हवी, फरशीखाली सांधा अजिबात ठेवायचा नाही. मग नळीत पाणी भरून पंपानं दाब दिला आणि गेज एक दिवस बघत बसलो. काटा हलला नाही तेव्हाच वर दोन इंच काँक्रीट आणि शहाबादी फरशी. दाब न देता फरशी घालणारा गवंडी भेटला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

अशी जमीन २८ अंशांवर ठेवली की सुमारे ७०० वॅट उष्णता देते. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या छोट्या खोलीला तेवढी पुरते, पण वर नुसती कौलं असतील तर नाही. सगळी ऊब फटींतून आभाळात. आमच्याकडं फळ्यांचा माळा होता, त्यावर भाताच्या तुसाची पोती पसरली. मशीनइतकंच महत्त्वाचं काम ते आहे, आणि त्याला वीज लागत नाही.

एक अडचण येते. मशीन सव्वातीन किलोवॅटचं, खोलीला लागतात ७०० वॅट. थेट जोडलं तर मशीन दर पाच मिनिटांनी चालू-बंद होत राहील आणि कॉम्प्रेसर वर्षात मरेल. म्हणून मधे १५० लिटरची वेगळी टाकी ठेवली. मशीन ती ४५ पर्यंत तापवतं, अर्ध्या तासात मोकळं होतं, आणि पुढचे अडीच तास खोली त्या टाकीवर चालते. टाकीतून जमिनीत जाताना मिक्सिंग व्हॉल्व्ह पाणी ३५ वर आणतो. हे पाणी फिरतच राहतं, अंघोळीच्या पाण्याशी त्याचा संबंध येऊ द्यायचा नाही. रात्रीच्या आठ तासांना छोट्या फिरत्या पंपासकट पावणेदोन युनिटांच्या आसपास पडतात. त्या रात्री छपरावरची टाकी झोपायच्या आधीही एकदा भरावी लागते.

थंडीपेक्षा याचा उपयोग आषाढात जास्त झाला. जुलैत बाहेर २१ अंश आणि हवेत ९५ टक्के ओल. तीच हवा खोलीत २७ पर्यंत तापली की ओल ६६ टक्क्यांवर येते, पाणी काढून टाकावं लागत नाही. गोधडी कोरडी, भिंतीवरची बुरशी गेली, आणि हळूहळू सगळ्या घराचे ओले कपडे आईच्या खोलीत वाळत पडायला लागले. त्यावरून घरात भांडण झालं ते वेगळं. आईची तक्रार मात्र दुसरीच होती. पाण्याला धुराचा वास नाही, मग अंघोळ केल्यासारखं वाटत नाही. कामाला येणाऱ्या बाईला ती म्हणाली, "बिसी नीरु हाय खरं, पण बंबाचं न्हाय." बिसी नीरु म्हणजे कन्नडमध्ये गरम पाणी. बंब अजून न्हाणीत आहे, नरकचतुर्दशीला तोच पेटतो.

विजेचं

गावात व्होल्टेज संध्याकाळी १८० वर येतं. त्यावर कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला की कण्हतो आणि गरम होतो. १९० च्या खाली तोडणारा आणि वीज आल्यावर पाच मिनिटं थांबवणारा रिले लावा, स्टॅबिलायझर असला तर उत्तम. मशीनला स्वतंत्र अर्थिंग, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, ओल्या जागेचं काम आहे. एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की मी मेन स्विच पाडतो. माझ्या भागात एका वळवात तीन घरांचे टीव्ही आणि एक बोअरचा पॅनल गेलेला बघितलाय.

अंघोळीची टाकी आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत न्या, कोमट पाणी सतत साठून राहिलं की त्यात जंतू वाढतात. मशीनला तेवढा चढ महाग पडतो, म्हणून त्या टाकीत जुन्या गीझरची कॉइल बसवली आहे, शनिवारी शेवटचे आठ अंश ती चढवते. टाकीवर प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे आणि त्याची नळी माणसाच्या अंगावर येणार नाही अशी खाली सोडा.

मेमध्ये आमच्याकडं विहिरीचा गाळ काढतात. त्याच आठवड्यात फूटव्हॉल्व्ह वर काढून घासायचा, मशीनची पाण्याची बाजू सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यानं तासभर फिरवून धुवायची, फ्लो स्विचचं पान हातानं हलवून बघायचं. आणि मृग लागायच्या आधी परतीच्या पाइपाचं तोंड बघा. मेमध्ये पाणी सहा-सात फूट खाली जातं तेव्हा ते उघडं पडतं. माझ्या पाइपाला शेवटी दहा फूट रबरी नळी आहे आणि तिच्या टोकाला बाटलीचा तोच दगड बांधलाय.